बंदूक अख्खी जपा, अख्खी सांगा

शस्त्रसंग्रहालयाच्या एका कपाटात दोन बंदुका शेजारी शेजारी ठेवल्या आहेत असे समजा. एक १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड, दुसरी १८५८ च्या नमुन्याची. दोन्ही ठासणीच्या, दोन्हींचे दस्ते अक्रोडाच्या लाकडाचे, दोन्हींवर दारू पेटवणारी छोटी धातूची टोपी फोडणारा सारखाच घोडा. काचेबाहेरच्या माणसाला त्या जुळ्या बहिणी वाटतील. फरक नळीच्या आत आहे. पहिलीच्या ०.५७७ इंची नळीत तीन पिळदार खाचा आहेत. गोळी त्या खाचांतून गरगर फिरत बाहेर पडते आणि शेकडो यार्ड नेमाने जाते. दुसरीची नळी ०.६५६ इंचाची आणि आतून गुळगुळीत आहे. शंभरेक यार्डांच्या पुढे तिच्या गोळीचा भरवसा नाही.

ही गुळगुळीत नळी मुद्दाम बनवली गेली. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिशांनी ठरवले की देशी पलटणींच्या हाती लांब पल्ल्याची अचूक रायफल द्यायची नाही. म्हणून बाहेरून एनफील्डसारखीच, पण आतून पन्नास वर्षांपूर्वीच्या मस्केटसारखी बंदूक तयार झाली आणि ती बहुतेक देशी शिपायांच्या खांद्यावर आली. पुढे ब्रिटिश सैनिकाला मार्टिनी-हेन्री ही नवी रायफल मिळाली, तेव्हाही देशी शिपायाकडे आधीच्या पिढीची स्नायडर होती. एका साम्राज्याला आपल्याच सैन्याची किती धास्ती वाटत होती, हे त्या काळच्या सरकारी कागदांत सावध भाषेत सापडेल. या नळीत ते लपवाछपवीशिवाय सापडते, कारण लोखंडाला सावध भाषा येत नाही.

आता या नळीत कोणी सुरक्षेच्या नावाखाली पोलादी दांडा ठोकून वेल्डिंग केले, तर हा पुरावा संपला. आणि नळी तशीच ठेवून पाटीवर फक्त ‘एनफील्ड मस्केट, ब्रिटन, १८५८’ एवढेच लिहिले, तर पुरावा उरला पण मुका झाला. जगभरच्या शस्त्रसंग्रहालयांत ऐतिहासिक लष्करी बंदुकांवर हे दोन अन्याय होतात, आणि त्यांवर चर्चा मात्र वेगवेगळ्या खोल्यांत चालते. सुरक्षेची काळजी करणारे लोक नळी बुजवण्याबद्दल बोलतात, इतिहासाची काळजी करणारे पाटीबद्दल बोलतात. माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. जुनी लष्करी बंदूक हा दस्तऐवज आहे. तो एकही पान न फाडता जपला पाहिजे आणि एकही पान न वगळता वाचून दाखवला पाहिजे. यातली एक गोष्ट करून दुसरी टाळणाऱ्या संग्रहालयाने आपले काम अर्धेच केले.

आधी जपण्याबद्दल. बंदूक निकामी करायची म्हणजे काय करतात, हे बऱ्याच लोकांना ठाऊक नसते. नुसता घोडा काढून ठेवला की झाले, अशी समजूत असते. प्रत्यक्षात नळीला लांब चीर पाडतात किंवा आत कडक पोलादाची खुंटी घालून ती वेल्ड करतात, बोल्टचे, म्हणजे काडतूस नळीत दाबून धरणाऱ्या दट्ट्याचे, तोंड तिरके कापतात, फायरिंग पिनचे, म्हणजे काडतुसावर आदळून बार उडवणाऱ्या सुईचे, छिद्र बुजवतात, हलणारे भाग एकमेकांना जोडून टाकतात. यातली एकही गोष्ट उलटी फिरवता येत नाही. वस्तू जतन करणाऱ्यांचा साधा दंडक आहे की आज केलेला हस्तक्षेप उद्या काढून टाकता आला पाहिजे. चित्रावर रंगाचा हात फिरवताना, हस्तलिखिताचे पान चिकटवताना हा दंडक पाळला जातो. बंदुकीच्या बाबतीत मात्र तो सोडून देणे अनेकांना चालते, कारण बंदुकीबद्दल मनात तिटकारा असतो. तो तिटकारा मला समजतो. पण तिटकाऱ्याच्या भरात पुरावा नष्ट केला तर ज्या गोष्टीचा तिटकारा आहे तिच्याविषयीचेच ज्ञान आपण गमावतो.

या ज्ञानाची किंमत अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीने दाखवून दिली. जून १८७६ मध्ये तिथे लकोटा, शायेन आणि त्यांच्या मित्र टोळ्यांनी सातव्या घोडदळाचा पराभव केला. त्या घोडदळाचा सेनानी कस्टर आणि त्याच्या थेट हाताखालच्या तुकडीतला एकही सैनिक वाचला नाही. त्यामुळे पुढची शंभर वर्षे त्या लढाईची कथा लोकांनी आपापल्या कल्पनेप्रमाणे सांगितली. मूळ रहिवाशांच्या बाजूने लढलेल्यांनी सांगितलेल्या हकिकती होत्या, पण त्यांच्यावर विश्वास ठेवायला फारसे कोणी तयार नव्हते. १९८३ मध्ये तिथल्या गवताला वणवा लागला, जमीन उघडी पडली आणि १९८४-८५ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे घेऊन ते माळरान पिंजून काढले. शेकडो रिकामी काडतुसे मिळाली. प्रत्येक बंदुकीची फायरिंग पिन काडतुसाच्या बुडावर आपली वेगळी खूण उठवते. त्या खुणा जुळवत त्यांनी एकेक बंदूक रणांगणावर कुठून कुठे गेली याचा माग काढला. लकोटा आणि शायेन योद्ध्यांकडे हेन्री आणि विंचेस्टर या भराभर गोळ्या झाडणाऱ्या बंदुका किती होत्या, सैनिकांची फळी कुठे मोडली, कोण कोणाच्या मागे गेले, हे त्या खुणांतून उलगडत गेले आणि ज्या हकिकती दंतकथा म्हणून बाजूला सारल्या होत्या त्यांतल्या कितीतरी खऱ्या निघाल्या. त्याहून विलक्षण म्हणजे, जपून ठेवलेल्या काही जुन्या बंदुकांच्या खुणा त्या मातीतल्या काडतुसांशी जुळल्या. ही बंदूक त्या दिवशी तिथे होती, हे सिद्ध झाले. हे शक्य झाले कारण त्या बंदुकांच्या फायरिंग पिना शाबूत होत्या. शंभर वर्षांत कोणी त्या ‘सुरक्षित’ करून ठेवल्या असत्या तर जुळवायला काही उरलेच नसते.

दुसरे उदाहरण ऑस्ट्रियातल्या ग्राझचे. तिथले शस्त्रागार १६४० च्या दशकात उभे राहिले. ओटोमन सरहद्दीवरच्या स्टायरिया प्रांताचे ते भांडार होते. १७४९ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसा ते मोडीत काढायला निघाली, तेव्हा प्रांताच्या सभेने विनंती केली की पूर्वजांच्या लढ्याची आठवण म्हणून हे राहू द्या, आणि ते राहिले. आज तिथे सुमारे ३२,००० वस्तू आहेत, बऱ्याचशा जुन्या लाकडी फळ्यांवर, रांगेने, एखाद्या दिवशी वाटप व्हावे तशा. १९८८-८९ मध्ये तिथल्या काही अस्सल मस्केट आणि पिस्तुले ऑस्ट्रियन सैन्याच्या चाचणीस्थळी नेऊन झाडून पाहिली. नळीतून निघताना गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ४५० मीटर भरला, म्हणजे आजच्या पुष्कळ पिस्तुलांपेक्षा जास्त. पण गोल गोळी हवेत झपाट्याने वेग गमावते आणि गुळगुळीत नळीतून ती कुठल्या बाजूला कलंडेल ते सांगता येत नाही. त्या काळचे सेनापती शिपायांना खांद्याला खांदा लावून उभे करत आणि एकदम बार काढायला लावत, त्याला हट्ट किंवा मूर्खपणा म्हणणे सोपे होते. या आकड्यांनी त्यामागचे कारण दाखवले. हा पुरावा प्रतिकृतींनी मिळाला नसता, कारण प्रतिकृती आजच्या पोलादाची असते. माझे म्हणणे असे मुळीच नाही की संग्रहालयांनी जुन्या बंदुका ऊठसूट झाडून बघाव्यात. तसे केले तर त्या फुटतील आणि माणसेही जखमी होतील. पण पिढ्यांतून एकदा, योग्य हातांनी, योग्य कारणासाठी हे करता यावे एवढी तरी वाट मोकळी ठेवली पाहिजे.

नळीच्या आत आणखीही काही असू शकते. जुलै १८६३ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणांगणावरून सुमारे २७,५०० बंदुका गोळा झाल्या आणि सैन्याच्या शस्त्रखात्याच्या नोंदीप्रमाणे त्यांतल्या सुमारे २४,००० भरलेल्या होत्या. निम्म्या भरलेल्या बंदुकांत एकावर एक दोन बार ठासलेले होते, काहींत त्याहूनही जास्त. ठासणीच्या बंदुकीत दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, टोपी चढवायची, नेम धरून झाडायची. धुरात आणि आरडाओरड्यात टोपी बसवायची राहिली, बार उडालाच नाही आणि शिपायाला ते कळलेही नाही, असे पुष्कळदा झाले असणार. कोणी समोरच्या माणसावर गोळी झाडायला कचरला असेल, कोणाची दारू दमट झाली असेल. अभ्यासकांचे यावर एकमत नाही आणि ते होण्याची घाईही नको. पण नळीत अडकून राहिलेला तो दुहेरी बार एका घाबरलेल्या तरुणाबद्दल जे सांगतो ते सेनापतींच्या आठवणींत सापडत नाही. संग्रहात आलेल्या जुन्या ठासणीच्या बंदुकांत आजही क्वचित भरलेला बार निघतो. म्हणून नळीत गज घालून खोली मोजणे ही पहिली तपासणी असते. बार निघाला तर तो काढलाच पाहिजे, काळी दारू शतकानंतरही पेट घेते. पण तो मोजून, छायाचित्र घेऊन, नोंद करून काढावा. नळी डोळे मिटून बुजवू नये.

आता समोरच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसमधल्या हल्ल्यांत वापरलेल्या शस्त्रांपैकी काही कागदोपत्री निकामी केलेली होती आणि पुन्हा चालू करण्यात आली होती. माणसे मेली. त्यानंतर युरोपीय संघाने निकामी करण्याचे नियम कडक केले, ते २०१६ मध्ये लागू झाले. ज्यांनी ते नियम केले त्यांना इतिहासाची पर्वा नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाजारात विकल्या जाणाऱ्या, घराघरांत टांगल्या जाणाऱ्या शस्त्रांसाठी ते नियम हवेतच, आणि मला विचाराल तर आणखी कडक हवेत. पण त्याच संघाच्या २०१७ च्या निर्देशात संग्रहालयांसाठी वेगळी वाट ठेवली आहे: सुरक्षेची कडक व्यवस्था दाखवा आणि शस्त्रे अखंड ठेवा. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यापासून संग्रहालयांना वेगळा परवाना मिळतो. म्हणजे कायदे करणाऱ्यांनाही हा फरक पटलेला आहे. भिंतीवर शोभेसाठी टांगलेली रायफल आणि नोंदवहीत क्रमांक असलेली, दिवसरात्र पहाऱ्यात असलेली रायफल एकाच मापाने मोजता येत नाहीत.

चोरी होणारच नाही असे नाही. म्हणून बोल्टच्या रायफलीचा बोल्ट काढून वेगळ्या तिजोरीत, वेगळ्या किल्लीखाली ठेवावा. तो परत बसवता येतो, त्यामुळे पुरावाही जातो असे नाही. चालू काडतुसे त्याच इमारतीत ठेवूच नयेत. ज्या बंदुकांची काडतुसे आजही बाजारात मिळतात त्यांची व्यवस्था तोड्याच्या बंदुकीपेक्षा दसपट कडक असावी. ज्या छोट्या संग्रहालयाला हे परवडत नाही त्याने आधुनिक लष्करी शस्त्रे ठेवूच नयेत, मोठ्या संग्रहाकडे सुपूर्द करावीत. हे कटू आहे, पण कुलूप घेण्याची ऐपत नाही म्हणून दस्तऐवज कापून ठेवणे हा उपाय होऊ शकत नाही. आणि एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करतो: प्रत्येक बंदूक दस्तऐवज नसते. एकाच कारखान्यातून, एकाच वर्षी निघालेल्या, कुठलाही इतिहास न जोडलेल्या शंभर रायफली एखाद्या गोदामात पडून असतील तर त्यांतल्या थोड्या नमुन्याला ठेवून बाकीच्या वितळवाव्यात. मुलांना हातात घेऊन वजन अजमावता यावे म्हणून काही जरूर निकामी कराव्यात. जवळपास साडेचार किलोची मस्केट अर्धा मिनिट खांद्याला लावून धरली तरी मुलाला जे कळते ते कुठलाही चित्रपट शिकवू शकत नाही.

बंदुकांची नासधूस फक्त वेल्डिंगने होते असेही नाही. शतकानुशतके शस्त्रागारांतल्या शिपायांनी विटेच्या चुऱ्याने नळ्या घासून चकचकीत केल्या. तेव्हा चकाकी म्हणजे शिस्त होती. त्या घासण्यात मूळचा तपकिरी रंग गेला, चाचणीगृहाचे शिक्के पुसले, पलटणीचे क्रमांक बोथट झाले. १६३७ पासून लंडनचे बंदूककार आणि १८१३ पासून बर्मिंगहॅमचे चाचणीगृह नळ्या तपासून शिक्के मारत आले आहे. एका नळीवरचे दोन इवले शिक्के ती कुठे तपासली, साधारण कधी तपासली हे सांगतात, आणि दस्त्यावर चाकूने कोरलेली आद्याक्षरे ती कोणी वाहिली हे सांगतात. नुसत्या हाताने नळी धरली तर घामातल्या मिठाने तिथे गंज धरतो, म्हणून जतन करणारी माणसे हातमोजे घालतात. असे असूनही अनेक ठिकाणी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पॉलिश फिरवले जाते. ते बंद झाले पाहिजे.

इथे मी दुसऱ्या अन्यायाकडे येतो, आणि तो मला जास्त बोचतो. बंदूक अखंड आहे, प्रकाशयोजना उत्तम आहे, काच स्वच्छ आहे, आणि पाटीवर पल्ला, वजन, नळीचा व्यास, मिनिटाला किती गोळ्या. इतकेच. ही पाटी विक्रेत्याच्या माहितीपत्रकासारखी वाचली जाते. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या टॉवरमध्ये हजारो शस्त्रे सूर्याच्या, खांबांच्या, लाटांच्या आकारात भिंतींवर रचली होती आणि लोक ती बघायला पैसे देऊन येत. राज्याचे बळ दिपवणारे दिसावे हा त्यामागचा उघड हेतू होता. आज भिंतीवरचे सूर्य गेले, पण मखमलीवर एकटी ठेवलेली, वरून झोत सोडलेली रायफल त्याच हेतूची वारस आहे. पाहणारा तिच्याकडे दागिन्यासारखा पाहतो.

मॅक्सिम मशीनगन घ्या. हायरम मॅक्सिमने १८८४ मध्ये ती तयार केली. गोळी सुटताना बसणारा धक्काच पुढचे काडतूस भरायला वापरायचा ही तिची कल्पना, आणि मिनिटाला सुमारे सहाशे गोळ्या हा तिचा वेग. यंत्र म्हणून ती खरोखर थक्क करणारी आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्या पाटीवर २ सप्टेंबर १८९८ ही तारीख नसेल तर ती पाटी अपुरी आहे. त्या सकाळी सुदानमध्ये ओमदुरमनला मॅक्सिम, रायफली आणि तोफांपुढे महदी या सुदानी धर्मनेत्याच्या अनुयायांचे दहा हजारांहून अधिक लोक मेले. अँग्लो-इजिप्शियन सैन्याचे मृत पन्नासच्या आत होते. आणि तिच्याशेजारी १ जुलै १९१६ हीसुद्धा तारीख हवी. त्या दिवशी पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर ब्रिटिश सैन्याचे १९,२४० लोक एका दिवसात मेले, आणि समोर ज्या जर्मन मशीनगन धडधडत होत्या त्यांचे यंत्र मॅक्सिमचेच होते. अठरा वर्षांच्या अंतराने नळी कोणाकडे वळली हे दोन तारखांत कळते. या दोन तारखा लिहायला सहाशे गोळ्यांच्या आकड्याइतकीच जागा लागते.

नळीच्या पुढे काय झाले हे दाखवणारे पुरावे अनेकदा अस्तित्वात असतात, फक्त ते दुसऱ्याच इमारतीत असतात. १८४९ मध्ये क्लोद-एत्येन मिनिए याने जी पोकळ बुडाची मऊ शिशाची गोळी आणली तिने ठासणीची रायफल झटपट भरता येऊ लागली. ती गोळी हाडाला लागली की चपटी होऊन हाडाच्या ठिकऱ्या उडवी. अमेरिकेच्या यादवी युद्धात इतके हातपाय कापावे लागले त्याचे एक मोठे कारण तीच. १८६२ मध्ये वॉशिंग्टनला सैनिकी वैद्यकीय संग्रहालय स्थापन झाले आणि शल्यवैद्यांनी अशी फुटलेली हाडे, लागलेल्या गोळ्यांसह, अभ्यासासाठी तिकडे पाठवली. ती आजही जपलेली आहेत. रायफल शस्त्रसंग्रहालयात, मांडीचे हाड वैद्यकीय संग्रहालयात. दोन्ही एकाच घटनेची टोके असून प्रेक्षकाला ती एकत्र कधी भेटत नाहीत. हाडांचे प्रदर्शन मांडताना मृताचा मान राखला पाहिजे, त्यात दुमत नाही. पण निदान छायाचित्र, निदान शल्यवैद्याच्या नोंदीतली एक ओळ रायफलीशेजारी यायला काय हरकत आहे?

व्हिएन्नाच्या सैनिकी इतिहास संग्रहालयाने हे करून दाखवले आहे. २८ जून १९१४ रोजी साराजेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपने ज्या बेल्जियन बनावटीच्या पिस्तुलाने गोळ्या झाडल्या ते २००४ मध्ये त्या संग्रहालयाकडे आले. त्या गोळ्यांनी मेलेल्या ऑस्ट्रियाच्या युवराजाचा, आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा, रक्ताने माखलेला अंगरखा आणि तो ज्या मोटारीत बसला होता ती मोटार तिथे आधीपासूनच होती. पिस्तूल हाताच्या पंजात मावेल एवढे. त्याच्या जोडीला अंगरखा आहे म्हणून कोणी त्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहत नाही. आणि कोणी त्याला बाजू घेणारा प्रचारही म्हणत नाही, कारण प्रिन्सिप हुतात्मा की खुनी याचा निवाडा संग्रहालयाने पाहणाऱ्यावर सोडला आहे.

हे मुद्दाम सांगतो, कारण माझ्या म्हणण्यावर नेहमी येणारा आक्षेप हाच असतो: संग्रहालय म्हणजे न्यायालय नव्हे, प्रत्येक बंदुकीसमोर कबुलीजबाब टांगला तर माणसे यायची बंद होतील, आणि ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी त्याच रायफली खांद्यावर घेऊन आपला देश वाचवला त्यांचा तो अपमान होईल. शेवटचा भाग मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. खंदकात चिखलात उभे राहून जी रायफल कोरडी ठेवायला माणूस धडपडला ती त्याच्या नातवंडांसाठी पवित्र असू शकते. पण पूर्ण पाटीत त्याचाही वाटा आहे. ली-एनफील्डच्या पाटीवर १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत झाडलेल्या १,६५० गोळ्या असाव्यात, आणि त्याच घडणीच्या रायफली घेऊन दोन महायुद्धांत लढलेले, मेलेले भारतीय, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन सैनिकही असावेत. यांतले एकच सांगणे म्हणजे निवाडा करणे. दोन्ही सांगणे म्हणजे नोंद ठेवणे.

काही बंदुका तर पाटीवर विनोद म्हणून मांडल्या जातात आणि ते मला पटत नाही. १७१८ मध्ये जेम्स पकल याने तिपाईवरच्या फिरत्या कोठ्यांच्या बंदुकीचे पेटंट घेतले. त्यात ख्रिस्ती शत्रूसाठी गोल गोळ्या आणि तुर्कांसाठी चौकोनी गोळ्या अशी सोय होती. चौकोनी गोळीची जखम अधिक वाईट, असा समज. लोक हसतात आणि पुढे जातात. पण सुमारे १८० वर्षांनी, १८९९ च्या हेग परिषदेत, शरीरात शिरल्यावर पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालण्याची चर्चा झाली, तेव्हा कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रागारात तशा गोळ्या बनवणाऱ्या ब्रिटनच्या प्रतिनिधीने युक्तिवाद केला की सुधारलेला सैनिक साधी गोळी लागली की मागे सरतो, रानटी माणूस सरत नाही, म्हणून त्याच्यासाठी ही गोळी हवी. पकलची चौकोनी गोळी आणि डमडमची गोळी एकाच कपाटात ठेवा. समोर १८६८ ची सेंट पीटर्सबर्गची घोषणा ठेवा, जिने ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्यांवर बंदी आणली, आणि हेगचा ठराव ठेवा. युद्धाला मर्यादा घालणारे कायदे कुठून आले आणि त्या मर्यादा कोणासाठी आहेत असे मानले जात होते, हे त्या एका कपाटात समजेल. काडतुसे सहसा कोपऱ्यातल्या खणात, आकाराप्रमाणे मांडलेली असतात. माझ्या मते संपूर्ण दालनात सर्वांत बोलका खण तोच ठरू शकतो.

बंदूक कोणी घडवली हेही पाटीत यायला हवे, आणि इथे अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डच्या जुन्या शस्त्रकारखान्याचे काम चांगले आहे. १७९४ पासून १९६८ पर्यंत तो चालला. आता संग्रहालय आहे. तिथे थॉमस ब्लँचर्डचे दस्ते कापणारे यंत्र आहे, जे नमुन्याच्या दस्त्यावर चाक फिरवून शेजारच्या ओबडधोबड लाकडातून तसाच दस्ता कोरून काढत असे. एकाच मापाचे, अदलाबदल करता येणारे सुटे भाग बनवण्याची पद्धत बंदुकांच्या कारखान्यांत पक्की झाली आणि तिथून शिवणयंत्रांपर्यंत आणि सायकलींपर्यंत गेली. ज्याला लष्करी इतिहासात रस नाही त्यालाही ही गोष्ट धरून ठेवते.

आणि बंदूक संग्रहालयात आली कशी? १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपू सुलतानच्या कारखान्यात घडलेल्या, वाघाच्या आकृत्यांनी मढवलेल्या, गारगोटीच्या ठिणगीवर चालणाऱ्या चकमकीच्या बंदुका लुटीत गेल्या आणि ब्रिटनमधल्या संग्रहांत पोचल्या. त्यांच्या कारागिरीवर परिच्छेद लिहिले जातात. त्या कोणाच्या हातून, कुठल्या दिवशी, कुठल्या परिस्थितीत निघाल्या हे तितक्याच ठळक अक्षरांत लिहावे. परत द्याव्यात की नाहीत हा वेगळा आणि मोठा वाद आहे. नोंद प्रामाणिक असणे ही त्या वादाची पहिली पायरी आहे.

हे सगळे एका पाटीत मावणार नाही, हे मला कळते. त्याची गरजही नाही. आज नळीत बारीक कॅमेरा घालून आतल्या खाचा, गंज, ठासलेला बार टिपता येतो. तो चलच्चित्राचा तुकडा बंदुकीशेजारच्या पडद्यावर दाखवावा. प्रत्येक बंदुकीचा अनुक्रमांक, शिक्के, पलटणीच्या खुणा, दस्त्यावरची कोरलेली अक्षरे यांची छायाचित्रे संग्रहालयाने सर्वांसाठी खुली करावीत. फायरिंग पिनच्या ठशांचे सूक्ष्मदर्शकातून घेतलेले चित्रही त्यात असावे, म्हणजे उद्या एखाद्या शेतात नांगराला लागलेले काडतूस हजारो मैलांवरच्या कपाटातल्या रायफलीशी जुळवून पाहता येईल. नवे दालन, नवी काच, नवे दिवे यांसाठी देणगीदार मिळतात. नोंदणी करणाऱ्या दोन माणसांच्या पगारासाठी मिळत नाहीत. शस्त्रसंग्रहालय चालवणाऱ्या सरकारांनी आणि विश्वस्तांनी पुढच्या अर्थसंकल्पात आधी त्या दोन माणसांची तरतूद करावी.